इवूड पार्कवरची कोंबडी

७ मे २०१२. पुण्यात मध्यरात्र उलटून गेली होती आणि तिकडे लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न गावात पावसाची रिपरिप चालू होती. इवूड पार्कच्या मैदानावर ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि विगन यांचा फुटबॉल सामना ऐन रंगात असताना कोणीतरी एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. तिच्या अंगावर क्लबच्या निळ्या-पांढऱ्या रंगाचं कापड गुंडाळलेलं होतं. बिचारी भेदरून इकडेतिकडे पळत राहिली आणि प्रेक्षकांना हसावं की रडावं ते कळेना. ८७व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला विगनच्या अल्काराझने डोकं लावलं आणि ब्लॅकबर्न ०-१ असं हरलं. सलग अकरा वर्षं इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, खेळणारा हा क्लब त्या रात्री खाली ढकलला गेला. तो अजून परत वर आलेला नाही.

कोंबडीच का, हे पुणेकरांना सांगायला नको. क्लबचे मालक पुण्याचे होते, आजही आहेत. व्यंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजे आपल्या तोंडी 'वेंकीज'. अंड्यांचा भाव ठरवण्यासाठी शेतकऱ्यांची राष्ट्रीय समिती उभी करणाऱ्या डॉ. बी. व्ही. राव यांचा हा उद्योग. भारतातल्या आधुनिक कुक्कुटपालनाचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात आणि ते योग्यच आहे. त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि व्यंकटेश व बालाजी हे त्यांचे दोघे भाऊ यांनी नोव्हेंबर २०१०मध्ये सुमारे २ कोटी ३० लाख पौंड मोजून आणि क्लबचं कर्ज अंगावर घेऊन ब्लॅकबर्न विकत घेतला. तेव्हा इकडे छाती फुगली होती. साहेबाच्या देशातला, साहेबाच्या खेळातला, १८७५ साली स्थापन झालेला क्लब आपल्या पुण्याच्या मालकीचा! दीड वर्षाने कोंबडीचं छायाचित्र आलं, तेव्हा तीच मंडळी 'आपल्या माणसांची टिंगल करतात' म्हणून तरी चिडली, नाहीतर गुपचूप दुसऱ्या विषयाकडे वळली.

मला दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या वाटतात. त्या रात्री इवूड पार्कवर विचारला गेलेला प्रश्न ब्लॅकबर्नपुरता नव्हता. पैसे मोजून विकत घेतलेली वस्तू पूर्णपणे आपली होते का, आणि होत नसेल तर तिच्यावर दुसऱ्या कोणाचा किती हक्क उरतो, असा तो प्रश्न आहे. माझं उत्तर आधीच सांगतो. निर्णय घेण्याचा हक्क मालकाचाच राहावा, पण निर्णयाचा जाब विचारण्याचा हक्क गावाला असावा, तोही कायद्याने दिलेला. कोंबडी सोडून मिळवलेला हक्क तेवढ्या रात्रीपुरताच टिकतो.

आधी तो हंगाम.

खरं तर त्याची सुरुवात आदल्या वर्षीच झाली. खरेदीला महिनाही उलटला नव्हता तेव्हा नव्या मालकांनी मॅनेजर, म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक, सॅम अलरडाइस यांना काढलं. संघ तेव्हा वीस क्लबांच्या तक्त्यात तेरावा होता. या लीगमध्ये तळाचे तीन संघ दर वर्षी खालच्या श्रेणीत जातात. त्यामुळे ब्लॅकबर्नच्या ऐपतीच्या क्लबासाठी तेरावा क्रमांक म्हणजे सुखाची झोप. अलरडाइस यांच्या संघाचा खेळ देखणा नव्हता हे खरं. उंच चेंडू, धक्काबुक्की, कसाबसा मिळवलेला एक गुण. पण कोरडवाहू जमिनीत ज्वारी पिकवणाऱ्याला 'गुलाब का लावत नाहीस' असं विचारायचं नसतं. त्यांच्या जागी आले स्टीव्ह कीन. ते प्रशिक्षक चमूतले, पण प्रमुख म्हणून अनुभव जवळपास शून्य. त्याच जानेवारीत रोनाल्डिन्होसारख्या जगप्रसिद्ध खेळाडूला आणायच्या गोष्टी चालल्या होत्या. रोनाल्डिन्हो ब्राझीलला फ्लेमेंगोकडे गेला. क्लबची घडी वर्षानुवर्षं ज्यांनी सांभाळली ते अध्यक्ष जॉन विल्यम्स २०११च्या सुरुवातीला बाहेर पडले आणि हिशेब ठाऊक असलेली इतर जुनी माणसंही त्यांच्यामागोमाग गेली. तो हंगाम शेवटच्या दिवशी वुल्व्हजला ३-२ असं हरवून कसाबसा निभावला.

मग २०११-१२. बचावातला सर्वांत होनहार पोरगा, फिल जोन्स, उन्हाळ्यातच मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत रायन नेल्सन आणि ख्रिस सांबा हे बचावपटूही गेले, म्हणजे ज्या भिंतीवर घर उभं होतं तीच विटाविटांनी काढली. ऑक्टोबरमध्ये हंगाम ऐन भरात असताना संघ विमानाने पुण्यात आला, बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळला आणि ३-० असा जिंकून परतला. तो सामना आपल्याकडे कौतुकाचा होता. ब्लॅकबर्नमध्ये मात्र लोक गुणतालिका बघून विचारत होते की या दमलेल्या पोरांना हजारो मैल उडवून नेमकं काय साधलं. त्यानंतर ती जाहिरात आली. ड्रेसिंग रूममध्ये बसून खेळाडू चिकनच्या तंगड्या खाताहेत आणि मग ताजेतवाने होऊन मैदानात उतरताहेत. एरवी लोक हसून सोडून देते. पण तक्त्याच्या तळाला असलेला संघ जाहिरातीत तंगडी चघळताना दिसला की विनोद मालकांवर उलटतो.

गंमत म्हणजे हा संघ अगदीच टाकाऊ नव्हता. सप्टेंबरमध्ये त्याने आर्सेनलला ४-३ असं हरवलं. ३१ डिसेंबरला, मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर ३-२ अशी धूळ चारली. याकुबूने दोन गोल केले आणि शेवटी विजयाचा गोल केला ग्रँट हॅनली नावाच्या वीस वर्षांच्या पोराने. याकुबूने त्या हंगामात लीगमध्ये एकूण १७ गोल केले. खाली जाणाऱ्या संघाच्या खेळाडूकडून एवढं क्वचितच होतं. मार्चमध्ये वुल्व्हज आणि संडरलँड यांना हरवल्यावर वाटलं, सुटले बुवा. पुढचे पाच सामने ओळीने हरले. शेवटचा हिशेब असा: ३८ सामन्यांत ८ विजय, ७८ गोल खाल्लेले, ३१ गुण, एकोणिसावा क्रमांक. सतराव्या क्रमांकाचा क्वीन्स पार्क रेंजर्स ३७ गुणांवर वाचला. सहा गुण म्हणजे दोन विजय. नेल्सन आणि सांबा राहिले असते तर ते मिळाले असते का? छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण मी पैज लावायला तयार आहे.

मात्र या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट मैदानावर घडलीच नाही. डिसेंबर २०११मध्ये क्लबचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी पॉल हंट यांनी मालकांना पत्र लिहिलं. मॅनेजर बदला, पैशाची अवस्था गंभीर आहे, प्रेक्षक आपल्यापासून तुटताहेत, असा त्याचा मथितार्थ. पत्रावर काही झालं नाही. संघ खाली गेल्याबरोबर मे महिन्यात ते पत्र वर्तमानपत्रांत फुटलं आणि हंट यांची नोकरी गेली. म्हणजे सामन्याला येणारे लोक ज्याबद्दल गळा फोडून ओरडत होते, तेच घरातला जबाबदार माणूस कागदावर लिहून देत होता. बाहेरच्यांना बाहेर वेडं ठरवलं जात होतं आणि आतल्याला आत गप्प केलं जात होतं.

इथे मालकांची बाजू मांडायलाच हवी, कारण इंग्रजी पत्रांत ती फारशी कोणी मांडत नाही. वेंकीज पळून गेले नाहीत. बरी नावाचा शेजारचाच क्लब २०१९मध्ये मालकाच्या दिवाळखोर कारभारामुळे लीगमधून हाकलला गेला, १८८५पासूनचा इतिहास असून. ब्लॅकबर्नवर ती वेळ आली नाही, कारण पुण्याहून दर वर्षी पैसे जात राहिले. एकूण आकडा २० कोटी पौंडांच्या वर गेलाय आणि तो मुख्यतः बिनव्याजी कर्ज आणि भागभांडवल या रूपात. त्यातून त्यांना एक छदाम परत मिळाल्याचं दिसत नाही. 'हे लोक क्लब पिळून खायला आले' या आरोपात तथ्य नाही. उलट यांनी क्लबावर घर जाळून कोळशाचा व्यापार केला, असं म्हणायला हवं. शिवाय परदेशी मालकावरच्या रागात वंशाचा वास अधूनमधून येतोच. कोंबडीवाले, कोंबडीवाले म्हणून हिणवण्यातही उच्च-नीचतेची एक झाक आहे. तिथला पूर्वीचा मालक पोलादवाला होता. त्याला कोणी लोखंडवाला म्हणून हिणवलं नाही.

तो पोलादवाला म्हणजे जॅक वॉकर. ब्लॅकबर्नचाच. पोलादाचा धंदा ब्रिटिश स्टीलला विकून आलेला पैसा त्याने गावच्या क्लबात ओतला, केनी डाल्ग्लिश यांना मॅनेजर म्हणून आणलं, ॲलन शिअररला विकत घेतलं. १९९४-९५ला शिअररने लीगमध्ये ३४ गोल केले. शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न अॅनफिल्डवर लिव्हरपूलकडून हरलं, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्टहॅमने १-१ असं रोखलं आणि ८९ विरुद्ध ८८ अशा एका गुणाने हे लाखभर वस्तीचं गिरणगाव इंग्लंडचं विजेतं झालं. तेव्हा बाकीचा देश काय म्हणत होता? 'चषक विकत घेतला.' आज वॉकरचा पुतळा इवूड पार्कबाहेर उभा आहे आणि लोक त्याच्याकडे बघून उसासे टाकतात. त्या उसाशांत एक सोयीस्कर विसर आहे. वॉकरचा कारभारही एकाच माणसाच्या मर्जीवर आणि खिशावर चालला होता. मर्जी चांगली होती आणि खिसा गावातला होता, एवढाच फरक. २०००मध्ये तो वारला. त्याच्या मागे असलेल्या विश्वस्त निधीला पुढे हा खर्च नकोसा झाला आणि त्यांनी गिऱ्हाईक शोधलं. विकत घेणाऱ्याची चिकित्सा गेली पंधरा वर्षं चालू आहे. विकणाऱ्याला मात्र कोणी विचारलं नाही की बाबा रे, मुलगी देताना घर पाहिलंस का?

म्हणूनच 'मालक स्थानिक हवा' हा उपाय मला पोकळ वाटतो. स्थानिक माणूस मरतो, कंटाळतो, त्याची मुलं लंडनला जातात. 'परदेशी नको' हा तर उपायच नव्हे. लेस्टरला २०१६मध्ये विजेतेपद मिळवून देणारे मालक थायलंडचे होते आणि त्यांच्या प्रमुखाचा हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू झाला तेव्हा गाव ढसाढसा रडलं. माणूस कुठला यापेक्षा तो सामन्याला येतो का, समोर उभा राहतो का, हे लोकांना जास्त लागतं. ब्लॅकबर्नची खरी तक्रार तीच आहे. पैसे आले, माणसं आली नाहीत. संघ खाली गेल्यानंतरच्या हंगामात कीन गेले, हेनिंग बर्ग आले आणि ५७ दिवसांत गेले, मायकेल अॅपलटन आले आणि ६७ दिवसांत गेले. बर्ग यांना करारापोटी साडेबावीस लाख पौंड द्यावेत असा निकाल न्यायालयाने दिला. हे निर्णय कोणी घेतले, का घेतले, याचं उत्तर इवूड पार्कवर उभं राहून कोणी दिलं नाही. २०१७मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकून तिथवर घसरलेला तो पहिलाच. वर्षभरात टोनी मोब्रे यांनी त्याला दुसऱ्या श्रेणीत परत आणलं, पण तोवर हजारो जणांनी इवूडची वाट सोडली होती. घरातल्या आजोबांपासून चालत आलेलं हंगामी तिकीट लोकांनी बंद केलं. ज्यांनी हे केलं ते क्लबाचे शत्रू नव्हते. रुसलेले घरचेच होते.

आता कायद्याकडे. २०२१च्या एप्रिलमध्ये सहा मोठ्या इंग्रजी क्लबांनी युरोपियन सुपर लीग नावाचं वेगळं दुकान काढायचा घाट घातला, लोक रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत तो डाव मोडला. त्यानंतर ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली आणि बऱ्याच घोळानंतर जुलै २०२५मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला. आता एक स्वतंत्र नियामक आहे. मालक होऊ पाहणाऱ्याची तपासणी, क्लबच्या आर्थिक आराखड्याला परवाना, मैदान विकायला बंधन, बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर प्रेक्षकांचं मत घेणं. कार्डिफच्या मालकांनी २०१२मध्ये शतकभराचा निळा रंग पुसून लाल केला होता आणि अडीच वर्षांनी पुन्हा निळा आणला. तसा प्रकार आता सहज होणार नाही. चांगलंच आहे.

पण हा कायदा २०१०मध्ये असता तर ब्लॅकबर्न वाचलं असतं का? मला नाही वाटत. वेंकीजकडे पैसा होता, नाव होतं, उद्योग होता. ते परीक्षेत उत्तीर्ण झाले असते. अलरडाइस यांना काढणं बेकायदा ठरलं नसतं, कीन यांना ठेवणंही नाही, पुण्याला मैत्रीपूर्ण सामना खेळायला नेणंही नाही. कायदा दिवाळखोरी थांबवतो, लबाडी थांबवतो. अज्ञान थांबवायचं कलम अजून कोणत्याही संसदेला लिहिता आलेलं नाही, आणि लिहूही नये. मॅनेजर कोण असावा हे सरकारी नियामकाने ठरवायला लागणं ही त्याहून मोठी आपत्ती.

मग काहींचं उत्तर असतं: जर्मनीसारखं करा, क्लबची बहुसंख्य मतं सभासदांच्याच हाती ठेवा. ऐकायला गोड आहे. पण ज्याने महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा पाहिली आहे, तो या गोडव्याला जरा जपूनच राहील. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला उभं केलं ते खरोखरच सभासदांचं स्वप्न होतं. कागदावर आजही आपल्याकडच्या सहकारी कारखान्यांचा मालक ऊस घालणारा शेतकरीच आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी अहवाल वाचून व्हायच्या आत मागच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर' अशी आरोळी उठते आणि अध्यक्षपद एकाच घरात दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला जातं. मालकी हजारोंची असून जाब विचारणारा एकही नसेल, तर ती मालकी भिंतीवरच्या भागपत्रासारखी. चौकटीत छान दिसते.

म्हणून माझा भर मालकी कोणाकडे यापेक्षा माहिती कोणाकडे यावर आहे. संचालक मंडळात प्रेक्षकांनी निवडून दिलेला एक माणूस असावा. त्याला मॅनेजर बदलण्याच्या निर्णयावर नकाराधिकार नको. पण क्लबचे हिशेब, मोठे करार, आणि पॉल हंट यांच्यासारख्या अधिकाऱ्याचं पत्र, हे त्याच्या टेबलावर यायलाच हवं. आणि वर्षातून किमान दोनदा मालकाने, किंवा त्याने सही-शिक्क्यानिशी नेमलेल्या प्रतिनिधीने, गावात येऊन उघड्या सभेत उत्तरं द्यावीत, हे परवान्याच्या अटीतच असावं. नव्या कायद्यात प्रेक्षकांशी 'सल्लामसलत' आहे. ती बरीचशी मालकाने बोलावल्यावर होते, तो सांगेल तेवढ्यावर होते. मला हवं आहे ते उलट्या दिशेने: लोकांनी बोलवावं आणि त्याने यावं.

यावर उद्योजकाचा आक्षेप रास्त आहे. माझे पैसे, माझा तोटा, आणि वर मीच परीक्षा देऊ? होय. कारण या धंद्यात गिऱ्हाईक दुकान बदलत नाही. वेंकीजची अंडी आवडली नाहीत तर मी दुसरी घेईन. रोव्हर्स हरला म्हणून ब्लॅकबर्नचा माणूस शेजारच्या बर्नली क्लबाचा होत नाही, उलट बर्नलीचं नाव काढलं तरी त्याच्या कपाळावर आठी येते. गिऱ्हाईकाच्या या लाचारीवरच क्लबची सगळी किंमत उभी आहे. मालकाने विकत घेतली ती खुर्च्या आणि गवताची जमीन नव्हे, ही निष्ठा घेतली. जी वस्तू दुसऱ्याच्या निष्ठेमुळेच मोलाची आहे, तिचा कारभार मालकाच्या नात्याने नव्हे, विश्वस्ताच्या नात्याने करावा लागतो. आपल्याकडे देवस्थानाचे पंच असतात. त्यांच्या हाती किल्ल्या असतात, म्हणून विठोबा त्यांचा होत नाही.

विश्वस्त हा शब्द इथे मी उगीच आणलेला नाही. सप्टेंबर १९३१मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनला जाऊन राहिले होते. विदेशी कापडावरच्या बहिष्काराने जे गिरणी कामगार बेकार झाले, त्यांनाच भेटायला. धनिकाने आपली संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी, हा विचार मांडणारा हाच माणूस. लँकेशायरच्या पोटावर ज्याच्या चळवळीमुळे पाय आला, तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, आणि गिरणीतल्या बायकांनी त्याला घेरून जल्लोष केला. ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. भारतातून जाऊन त्या माणसांना सामोरं जाता येतं, त्याचा दाखला त्याच परिसरात ऐंशी वर्षं आधीचा आहे.

आजची स्थिती जास्त विचित्र आहे. भारतातल्या अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीमुळे मालकांना इंग्लंडला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यायची वेळ आली. एकेकाळी मुंबईच्या कापसाचे भाव लँकेशायरमध्ये ठरत. आता लँकेशायरच्या एका क्लबने कोणता खेळाडू घ्यायचा, हे दिल्लीतली पुढची तारीख कधी पडते यावर. फेब्रुवारी २०२४मध्ये क्लबात लहानाचा मोठा झालेला ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. मे २०२५मध्ये महिलांच्या संघाने दुसऱ्या श्रेणीचा परवाना सोडला आणि तो खाली गेला. त्या मुलींनी तर कोणाची कोंबडी मारली नव्हती.

आणि आपण? २०१४ साली सुरू झालेला एफसी पुणे सिटी २०१९मध्ये बंद पडला आणि त्याची इंडियन सुपर लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या क्लबाने घेतली. पुणे एफसी त्याआधीच संपला होता, तोच, जो ब्लॅकबर्नशी खेळला होता. क्रिकेटमधले दोन पुणेरी संघही आले आणि गेले. एफसी पुणे सिटीच्या 'ऑरेंज आर्मी' या चाहतागटातल्या पोरांनी हळहळ केली, चार दिवस पोस्टी टाकल्या. बाकीच्या शहराला पत्ताही लागला नाही. बालेवाडीच्या मैदानात कोणी कोंबडी सोडली नाही.